जुना डेस्कटॉप पुन्हा चालू करताना



ग्रंथालयाच्या कामाला आयुष्य वाहिलेल्या एका माणसाच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे. अशा व्यासपीठावर पोथ्या, हस्तलिखितं, जुनी नियतकालिकं यांच्या जतनाविषयी बोलणं स्वाभाविक आहे. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिला वाळवी लागत नाही, कसर लागत नाही. तरीही पोथीपेक्षा कितीतरी लवकर ती हाताबाहेर जाते. ती वस्तू म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप. त्याच्या खिडक्या, त्याचे मेनू, त्याच्यावरची चित्रं आणि त्यांच्या आधारानं माणसांनी केलेलं काम.

गेली काही वर्षं जगात ठिकठिकाणी माणसं हा जुना डेस्कटॉप वेब ब्राउझरच्या खिडकीत पुन्हा उभा करत आहेत. १९८४चा मॅकिंटॉश, १९९५चं विंडोज, त्याआधीचं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतलं काम, हे सगळं आज काहीही इन्स्टॉल न करता एखाद्या पत्त्यावर जाऊन उघडता येतं. पुष्कळांना ही जुन्या आठवणींत रमण्याची हौस वाटते. मला ते ग्रंथालयाचं काम वाटतं, आणि मराठीला त्याची निकड आहे असंही वाटतं. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

आधी थोडा इतिहास. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबर्ट यांनी माऊस हातात धरून पडद्यावरचा मजकूर कसा हाताळता येतो, ते जाहीरपणे दाखवलं. १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आल्टो हे यंत्र तयार झालं. १९८१च्या झेरॉक्स स्टारनं पडद्याला सरळ कचेरीतल्या टेबलाचं रूप दिलं: त्यावर कागद, फोल्डर, आवक-जावकीचे ट्रे. १९८३मध्ये ॲपलचा लिसा आला आणि २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश, किंमत २,४९५ डॉलर. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि स्टार्टचं बटण, खालची पट्टी घराघरांत पोचली. आपल्याकडच्या कचेऱ्या, डीटीपीची दुकानं, सायबर कॅफे याच पडद्यावर चालले. पुढे २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी वर्गांत गावोगावच्या मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला, तोही अशाच पडद्यासमोर.

आता या पडद्याकडे जरा जवळून पाहू. पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा नऊ इंचांचा होता. त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२, म्हणजे एकूण १,७५,१०४ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. तिसरा रंग नाही. एका ठिपक्याला एक बिट या हिशेबानं अख्ख्या पडद्याला २१,८८८ बाइट्स लागत. यंत्राची सगळी मेमरी १२८ किलोबाइट. म्हणजे तिचा जवळजवळ सहावा हिस्सा नुसता पडदा खाऊन टाकायचा. तरीही त्या पडद्याची पार्श्वभूमी बघणाऱ्याला करडी दिसायची. ती करडी दिसायची कारण एक ठिपका काळा, शेजारचा पांढरा, पुन्हा काळा, अशी बारीक चौकट सगळीकडे विणलेली होती.

या एवढ्याशा जागेत ॲपलच्या सूझन केअर यांनी चित्रं बसवली. केअर यांचं शिक्षण कलेच्या इतिहासातलं, पीएच.डी.पर्यंतचं. कॉम्प्युटरवर चित्र काढायची सोय अजून व्हायची होती, म्हणून त्यांनी चौकटीच्या कागदाची वही घेतली आणि आडव्या ३२, उभ्या ३२ अशा १,०२४ चौकोनांत एकेक चौकोन भरत चित्रं काढली: कचऱ्याचा डबा, हसरा कॉम्प्युटर, बिघाड झाला की दिसणारा बॉम्ब. त्यांच्या त्या वहीतली पानं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. एका जगप्रसिद्ध कलासंग्रहालयाला हे काम जपावंसं वाटलं, हे लक्षात घ्या.

चित्रांमागे तितकंच मोठं काम ॲपलमधल्याच बिल ॲटकिन्सन यांचं. एकावर एक पडलेल्या खिडक्यांपैकी वरची खिडकी हलवली की खालच्या खिडकीचा नेमका उघडा पडलेला भाग तेवढाच पुन्हा रंगवायचा, तोही इतक्या कमी मेमरीत आणि इतक्या मंद प्रोसेसरवर. त्यासाठी त्यांनी कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराचा भाग थोडक्या जागेत साठवायची आणि असे दोन भाग एकमेकांतून वजा करायची रीत शोधली. पडदा रंगवणाऱ्या त्यांच्या क्विकड्रॉ या प्रोग्रामचा गाभा हाच. क्विकड्रॉ आणि चित्र काढायचा मॅकपेंट यांचा मूळ सोर्स कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं ॲपलच्या परवानगीनं २०१०मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. आज कोणीही तो वाचू शकतो.

असा डेस्कटॉप ब्राउझरमध्ये पुन्हा उभा करायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग बाहेरून आत जाणारा. जुना पडदा बारकाईनं पाहायचा आणि आजच्या वेबच्या साधनांनी, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टनं, तो हुबेहूब रचायचा. हे काम किती नजरेचं आहे, ते विंडोज ९५च्या एका साध्या बटणावर दाखवतो.

ते करडं बटण पडद्यातून वर उचलल्यासारखं का दिसतं? कारण उजेड डावीकडून, वरून पडतो असं गृहीत धरून त्याच्या कडा रंगवल्या आहेत. बाहेरची वरची आणि डावी कड पांढरी. बाहेरची खालची आणि उजवी कड काळी. त्यांच्या आत आणखी एकेक रेघ: वर आणि डावीकडे फिकट करडी, खाली आणि उजवीकडे गडद करडी. प्रत्येक रेघ एकाच ठिपक्याची. बटण दाबलं की उजेड-सावलीची अदलाबदल होते आणि आतली अक्षरं एक ठिपका उजवीकडे, एक ठिपका खाली सरकतात. बस्स, एवढंच. पण या चार रेघा आणि एका ठिपक्याचं सरकणं यांमुळे आपल्या बोटाला काहीतरी खरंच दाबल्यासारखं वाटतं. ९८.सीएसएस नावाचा एक मुक्त प्रकल्प २०२०पासून उपलब्ध आहे. त्यात हे बटण चार आतल्या सावल्यांच्या एकाच नियमात बांधलं आहे. त्या चार सावल्यांत एखाददुसरा रंग चुकला, तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. पण हे आपलं जुनं बटण नाही, हे मात्र लगेच कळतं.

यात अडचणीही खऱ्या आहेत. आजचे पडदे दाट ठिपक्यांचे. ब्राउझरचा एक ठिपका म्हणजे पडद्याचा एकच ठिपका असेल, याची खात्री नाही. कोणी आपल्या लॅपटॉपवर सव्वापट मोठं दिसण्याची सोय चालू ठेवलेली असते. मग एका ठिपक्याची रेघ सव्वा ठिपक्याची होते. सव्वा ठिपका रंगवता येत नाही, म्हणून कुठे रेघ जाड होते, कुठे धूसर. मॅकिंटॉशची ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची करडी चौकट तर अशा पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागते. त्यावर उपाय म्हणजे जुना ठिपका नेमका दुप्पट किंवा तिप्पट करायचा, मधलं काही नाही, आणि ब्राउझरला बजावायचं की कडा मऊ करू नकोस. अक्षरांचंही तेच. जुनी अक्षरं ठिपक्यांनी घडवलेली होती. आजचा ब्राउझर त्यांच्या कडा परस्पर गुळगुळीत करू पाहतो.

पण या पहिल्या मार्गाला एक मर्यादा आहे, आणि ती रंगरेषांच्या पलीकडची आहे. डेस्कटॉप दिसतो तसाच वागतोही. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये मेनू उघडायला माऊसचं बटण दाबून धरावं लागे. तसंच धरून खाली यायचं, हव्या त्या ओळीवर सोडायचं. सोडलं की ती ओळ काही वेळा लुकलुकायची, म्हणजे तुमचं म्हणणं यंत्रापर्यंत पोचलं. एका टिचकीसरशी मेनू उघडा राहण्याची सोय १९९७च्या मॅक ओएस ८मध्ये आली. खिडकी ओढताना अख्खी खिडकी हलत नसे. तिची नुसती चौकट हलायची आणि बटण सोडल्यावर खिडकी तिथे जाऊन बसायची. यंत्राची ताकद तेवढीच होती. फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यावर नेऊन सोडायचं. या सवयी वर्षानुवर्षं लोकांच्या हातांत मुरलेल्या होत्या. बाहेरून नक्कल करणाऱ्याला त्यांतली प्रत्येक सवय वेगळी ओळखून वेगळी लिहावी लागते. जी लक्षात आली नाही ती राहून जाते. शिवाय त्या काळात लिहिलेला एखादा प्रोग्राम या नकलेत चालत नाही, कारण आत तो चालवणारं यंत्रच नाही.

नाटकाची संहिता छापून ठेवली, नेपथ्याचे फोटो काढून ठेवले, तरी नाटक जपलं गेलं असं आपण म्हणत नाही. प्रयोग व्हावा लागतो. जुन्या डेस्कटॉपचा प्रयोग करून दाखवणारा दुसरा मार्ग म्हणजे एम्युलेटर.

एम्युलेटर डेस्कटॉपचं चित्र काढत नाही. तो जुना प्रोसेसर होऊन बसतो. मेमरीतून पुढची आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, पुन्हा पुढची वाचायची. मॅकिंटॉशमधला मोटोरोला ६८००० प्रोसेसर सेकंदाला सुमारे ७८ लाख ठोक्यांनी हे काम करायचा. आजचा ब्राउझर ते काम सहज पेलतो, उलट त्याचा वेग आवरावा लागतो. नाहीतर जुने खेळ डोळ्यांना दिसायच्या आत संपतात. प्रोसेसरबरोबर माऊस, कीबोर्ड, डिस्क, आवाज या सगळ्यांची सोंगं वठवावी लागतात. मग त्या यंत्राची मूळ सिस्टीम जशीच्या तशी त्यात सुरू करायची. तिला कळतही नाही की आपण १९८४मध्ये नाही. मेनू लुकलुकतो कारण मूळ सूचनाच तो लुकलुकवत असते. कोणाच्या लक्षात न आलेली सवयसुद्धा अशी आपोआप जपली जाते.

हे ब्राउझरमध्ये शक्य झालं ते गेल्या पंधरा वर्षांत. २०११मध्ये फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार्द यांनी नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये एक पीसी रचून त्यात लिनक्स सुरू करून दाखवलं. त्याच सुमारास मोझिलात अलोन झकाई यांनी एमस्क्रिप्टन हे साधन घडवलं. सी आणि सी++ मध्ये आधीच लिहिलेले प्रोग्राम त्यानं ब्राउझरला समजतील अशा रूपात आणता येऊ लागले. २०१७पर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांनी असे प्रोग्राम वेगानं चालवणारी वेबअसेंब्ली स्वीकारली आणि डिसेंबर २०१९मध्ये ती वेबचं अधिकृत मानक झाली. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेले, मुक्तपणे वाटलेले जुने एम्युलेटर आता थेट ब्राउझरमध्ये आणता आले. इंटरनेट आर्काइव्हनं २०१५मध्ये डॉसचे खेळ, २०१६मध्ये विंडोज ३.१चे प्रोग्राम आणि २०१७मध्ये मॅकिंटॉशचे प्रोग्राम असे चालू स्थितीत लोकांसमोर ठेवले. २०२२मध्ये मिहाई पारपारिता यांनी इन्फिनिट मॅक हा प्रकल्प सुरू केला. बॅसिलिस्क टू, मिनी व्हीमॅक अशा जुन्या एम्युलेटरांवर तो उभा आहे. त्याच्या पत्त्यावर गेलं की काही सेकंदांत जुना मॅक सुरू होतो. डिस्क एकदम उतरवावी लागत नाही. लागेल तो तुकडा लागेल तेव्हा येतो. आणि आजच्या कामाला सगळ्यांत उपयोगी गोष्ट अशी की तुमच्याकडची एखादी जुनी फाइल ओढून त्या खिडकीत सोडली तर ती त्या जुन्या मॅकच्या आत दिसते आणि तिथल्या प्रोग्रामनं उघडता येते.

या मार्गातही काही निसटतं, ते लपवू नये. मॅकचा मेनू पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असायचा. त्यात मोठं शहाणपण होतं: माऊस कितीही जोरात वर ढकलला तरी बाण कडेला अडायचा, म्हणून नेम धरावा लागत नसे. ब्राउझरच्या खिडकीत ती कड उरत नाही. बाण मेनू ओलांडून आजच्या जगात निघून जातो. खिडकी बंद करायला कमांड आणि डब्ल्यू दाबावं, तर आतली खिडकी राहते बाजूला आणि ब्राउझरचा अख्खा टॅब बंद होतो. म्हणून हे काम पूर्ण पडद्यावर करावं, आणि जमेल तिथे एखादं खरं यंत्रही चालू ठेवावं. तरीही यंत्राचे सुटे भाग संपत जाणार, आणि खरं यंत्र एका वेळी एकाच खोलीत असतं. ब्राउझर तालुक्याच्या वाचनालयातही आहे. मला या कामात ग्रंथालयाचा धर्म दिसतो तो यामुळे. जी गोष्ट काही संग्राहकांच्या माळ्यावर होती, ती मागेल त्या वाचकाच्या हातात येते.

आता कोणी विचारेल, जुनी फाइल वाचायला एवढा पसारा कशाला? आतला मजकूर काढून घ्या आणि नव्या फाइलीत ठेवा. अमेरिकेत जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात याच प्रश्नावर लिहिलं. डिजिटल दस्तऐवज ज्या प्रोग्रामसाठी केलेला असतो, त्याच्याशिवाय तो पूर्णपणे वाचता येत नाही, आणि म्हणून जुनी यंत्रणाच नव्या यंत्रावर चालवायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. या विचाराचं एक ठळक उदाहरण मुंबईत जन्मलेल्या एका लेखकाशी जोडलेलं आहे. अटलांटातल्या एमरी विद्यापीठानं २००६मध्ये सलमान रश्दी यांची कागदपत्रं घेतली. वह्या आणि पत्रांबरोबर त्यांचे वापरलेले ॲपल कॉम्प्युटरही आले. २०१०मध्ये संग्रह अभ्यासकांना खुला झाला, तेव्हा वाचनकक्षात रश्दींच्या मॅकिंटॉश परफॉर्मा ५४००चा डेस्कटॉप एम्युलेटरवर चालू करून ठेवला होता. लेखकानं फोल्डर कसे लावले, त्यांना काय नावं दिली, कोणत्या प्रोग्राममध्ये लिहिलं, हे अभ्यासक त्याच पडद्यावर बसून पाहू शकतात. लेखकाचं टेबल जसंच्या तसं अभ्यासकासमोर येतं.

आता आपल्या घराकडे वळतो. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तो कागदावर छापलेला आहे. मिळाला की वाचता येतो. १९९८च्या एखाद्या दिवाळी अंकाचाही कागद मिळेल. पण तो अंक ज्या फाइलींत घडला, त्या फाइलींत काय आहे, हे आज बहुतेकांना उघडून पाहता येत नाही. तो काळ पेजमेकरचा. पानं पेजमेकरमध्ये लावायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि प्लेट करायला पाठवायची. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. तोवर ॲडोबीनं इनडिझाइन पुढे आणलं होतं. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडायच्या. नव्या उघडत नाहीत.

त्यात आपली अडचण इंग्रजीवाल्यांपेक्षा दुहेरी. श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, यांच्या फॉन्टांत देवनागरीची रूपं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली होती. फॉन्टमध्ये जागा २५६, त्यांत अर्धी अक्षरं, काना, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असं सगळं कोंबायचं. प्रत्येक कंपनीनं ते आपापल्या रीतीनं कोंबलं. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की मराठी ओळींच्या जागी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. साठवणीसाठी भारतीय लिप्यांचं एक मानक, इस्की, १९९१मध्ये ठरलं होतं. युनिकोडमध्येही देवनागरी १९९१पासून आहे. पण डीटीपीचं पान फॉन्टच्या खुणांवरच लागत राहिलं. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २०००पासून, आणि त्यासोबत आलेला मंगल फॉन्ट आपल्याच र. कृ. जोशींनी घडवलेला. त्याही पुढे पुष्कळ छपाई जुन्या फॉन्टांवर चालत राहिली, काही ठिकाणी अजूनही चालते. म्हणजे दहा-पंधरा वर्षांहून अधिक काळचं मराठी लेखन अशा फाइलींत आहे: छापलेलं, आणि जागेअभावी न छापलेलंही, संपादकानं कापलेलं, लेखकानं शेवटच्या प्रुफात बदललेलं.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, हे खरं. पण कन्व्हर्टरनं केलेलं काम तपासायचं कशाशी? जुन्या फॉन्टातल्या खुणा बदलताना हमखास घोटाळा होतो तो जोडाक्षरांत आणि रफारात. 'आचाऱ्याला दक्षिणा दिली' आणि 'आचार्याला दक्षिणा दिली' यांत पैसे स्वयंपाक्याला मिळाले की गुरुजींना, हे एका र-च्या रूपावर ठरतं. मूळ पान मूळ पडद्यावर, मूळ फॉन्टात उघडलं तरच लेखकानं कोणतं लिहिलं होतं ते खात्रीनं सांगता येईल. आणि पेजमेकरच्या बंद फाइलीतून मजकूर बाहेर काढायलाही आधी चालू पेजमेकर हवा. म्हणून जुना डेस्कटॉप चालता असणं ही आपल्यासाठी पाठचिकित्सेची गरज आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या परंपरेला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या वाटेवर दोन अडथळे आहेत. पहिला यंत्राचा. भारतीय भाषांच्या अनेक सॉफ्टवेअरांना तेव्हा हार्डवेअर लॉक असे: कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा एक ठोकळा. तो नसला तर प्रोग्राम चालायचा नाही. ब्राउझरमधल्या एम्युलेटरला तो ठोकळा लावणार कुठे? दुसरा अडथळा कायद्याचा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली आणि बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती डिजिटल रूपात साठवायची मुभा मिळाली. पण त्या कलमाची अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून हवी. जे जन्मालाच डिजिटल आलं, त्याचा विचार त्या कलमात नाही. अमेरिकेत २०१८मध्ये ग्रंथालयांना, दफ्तरखान्यांना आणि संग्रहालयांना जतनापुरतं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची सूट दिली गेली. अशी सूट आपल्या ग्रंथालय संघटनांनी मागायला हवी, आणि ती मागताना चोरट्या वापराची भीती कशी टाळता येईल, तेही सांगायला हवं. वाचनकक्षापुरता वापर हा एक साधा मार्ग आहे.

कंपन्यांकडेही जायला हवं. ॲपलनं मॅकपेंटचा कोड खुला करू दिला; मायक्रोसॉफ्टनं २०१४मध्ये त्याच कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमला एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड दिला. कोणाचंही त्यात नुकसान झालं नाही. मराठी फॉन्ट घडवणाऱ्या कंपन्यांनी आणि सी-डॅकनं निदान तीन गोष्टी द्याव्यात: जुन्या फॉन्टांचे खुणांचे तक्ते, विक्रीतून गेलेल्या आवृत्त्या आणि त्या बिनलॉक चालवायची परवानगी. विकणं थांबलेल्या वस्तूवरचं कुलूप काढायला फार मोठं मन लागत नाही. कोणीतरी रीतसर मागावं लागतं.

एक इशाराही द्यायला हवा. ब्राउझरही कायमचा नाही. वेबवरच्या असंख्य गोष्टी एकेकाळी फ्लॅशमध्ये केलेल्या होत्या. ॲडोबीनं फ्लॅशचा पाठिंबा २०२०च्या अखेरीस थांबवला आणि त्या सगळ्या एकदम बंद पडल्या. आता रफल नावाचा मुक्त एम्युलेटर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा चालवतो आहे. यातून शिकायचं ते असं की उभारणी एका कंपनीच्या बंद साधनावर करू नये. खुलं मानक आणि खुला कोड यांवर करावी. मग उद्या वेबअसेंब्लीही जुनी झाली, तरी पुढच्या पिढीला तिचा एम्युलेटर लिहिता येईल, कारण तिचे नियम लिहून ठेवलेले आहेत.

यातलं बरंचसं काम आपल्या हातातलं आहे. ज्या छापखान्यांत, प्रकाशनांत, डीटीपीच्या दुकानांत जुन्या फ्लॉपी, झिप डिस्क, सीडी पडून आहेत, त्या आधी गोळा करायच्या. त्यातल्या फाइली एकेक करून कॉपी न करता अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्यायची, कारण एम्युलेटरला तीच लागते. बरोबर एक चिठ्ठी: कोणतं विंडोज, पेजमेकरची कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, कोणत्या अंकाचं काम. हे सांगू शकणारे ऑपरेटर आज पन्नाशी-साठीत आहेत; त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्यायला हवं, कारण मराठी छपाईच्या एका अख्ख्या युगाचं हातातलं ज्ञान त्यांच्यापाशी आहे. विंडोज ९५ आणि ९८ ब्राउझरमध्ये चालवणारा व्ही८६ हा मुक्त एम्युलेटर तयार आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधणारी मुलं दर वर्षी असतात. त्यांतल्या चौघांना एका जुन्या दिवाळी अंकाची डिस्क द्या, एक ऑपरेटर शेजारी बसवा, आणि तो अंक त्याच्या मूळ पडद्यावर चालू करून दाखवायला सांगा. त्यांना प्रोसेसर कसा चालतो ते कळेल, लिपी कशी साठवली जाते ते कळेल, आणि आपल्या भाषेचं एक काम पुरं होईल.

अशी सुरुवात करायला मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. एका वाचनालयानं एक कॉम्प्युटर, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक नोंदवही एवढ्यावर ती करावी. आपल्यापैकी ज्यांच्या कपाटात अशा डिस्क असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, वाचनालयाकडे द्याव्यात. फ्लॉपीवरचं चुंबकीय लेखन वर्षागणिक विरतं आहे, म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोपवता येणार नाही. ज्या पिढीनं त्या पडद्यांवर लिहिलं, पानं लावली, अंक काढले, तिनंच ते हाती घ्यायला हवं.